आधी फाईल नीट करा, मग यंत्रं घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी एका पदव्युत्तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना अभ्यासाचं साहित्य संगणकावर ऐकता येईल अशा रूपात करून देणं, हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. ठिकठिकाणी दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी खरेदीचे प्रस्ताव जातात. त्यांत ब्रेल प्रिंटर असतो, महागडं सॉफ्टवेअर असतं, वेगळी खोली असते. खरेदीला माझा विरोध नाही. पण आपण विद्यार्थ्यांना रोज ज्या फाईली पाठवतो त्या आहेत तशाच राहणार असतील, तर ती यंत्रं वाचणार काय?

आमच्याकडे इतिहासात एम.ए. करणारा एक विद्यार्थी आहे, जन्मापासून दृष्टिहीन. तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. हे सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी 2006 मध्ये लिहायला घेतलं. ते आजही मोफत मिळतं आणि मराठी वाचतं. म्हणजे साधन त्याच्या लॅपटॉपवर आहेच. तरी सत्र सुरू झालं की तो येतो आणि म्हणतो, "मॅडम, फाईल उघडली, पण आत काहीच नाही."

फाईल मी उघडते तेव्हा मला पानं दिसतात. कुणीतरी पुस्तकाची पानं मोबाईलवर फोटो काढून पीडीएफ केलेली असतात. पान तिरकं, कडेला अंगठा, शिवणीकडची अक्षरं सावलीत. संगणकाच्या लेखी ते निव्वळ चित्र असतं, त्यात मजकूर नसतोच. मग चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करण्यासाठी ती फाईल टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरमधून किंवा गुगल डॉक्समधून काढायची. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींना मराठी येतं. स्वच्छ, सरळ स्कॅन असेल तर निकाल खरोखर चांगला मिळतो. मोबाईलवरच्या फोटोतून मात्र 'भात'चा 'मात' होतो, 'घर'चं 'धर' होतं. पानावर दोन रकाने असले तर डावीकडची ओळ संपताच उजवीकडची तिला येऊन चिकटते. शेतसाऱ्याचा तक्ता असला तर आकडे कुठल्या गावाचे आणि कुठल्या सालाचे याचा पत्ता लागत नाही. हे सगळं मूळ पानाशी ताडून हाताने दुरुस्त करावं लागतं. साल चुकीचं राहिलं, तर मुलगा परीक्षेत तेच लिहून येणार. तोवर वर्गातल्या बाकीच्यांचं ते प्रकरण वाचून झालेलं असतं.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. नोट्स टाईप केलेल्या असतात, पडद्यावर सुबक मराठी दिसतं, पण फाँट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचा असतो. त्या फाँटात मराठी अक्षराच्या जागी आतून इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्ह साठवलेलं असतं. आपल्या डोळ्यांना 'मराठा' दिसतं, स्क्रीन रीडर आत जे आहे तेच वाचतो, आणि मुलाच्या कानात डॉलर, स्लॅश, कॅपिटल एक्स असली माळ पडते. अभ्यासक्रम, परिपत्रकं, प्रश्नसंच, वर्षानुवर्षं चालत आलेली क्रमिक पुस्तिका, सगळीकडे हे आहे. परिपत्रक तयार करणाऱ्याला याची कल्पनाही नसते, कारण त्याच्या पडद्यावर सगळं ठीक दिसत असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की दुरुस्ती फाईल जिथे जन्मते तिथे व्हावी. त्यासाठी लागणारी साधनं प्रत्येक विभागाच्या संगणकावर आजच आहेत. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये 'रिव्ह्यू' खाली 'चेक ॲक्सेसिबिलिटी' असं बटण आहे. ते दाबलं की कुठल्या चित्राला वर्णन नाही, कुठल्या तक्त्याला शीर्ष-ओळ नाही, हे समोर येतं. प्रकरणाचं नाव नुसतं ठळक आणि मोठं न करता त्याला 'हेडिंग' ही शैली लावली, तर दृष्टिहीन विद्यार्थी एच ही कळ दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जातो. ती लावली नाही तर चाळीस पानं पहिल्या ओळीपासून ऐकत बसावं लागतं. आणि पीडीएफ करताना 'प्रिंट' मधून करू नये, 'सेव्ह ॲज' मधून करावी. प्रिंटमधून केली की मथळे, तक्ते, चित्रांची वर्णनं ही सगळी आतली रचना गळून पडते. प्राध्यापकांना हे दाखवायला एक दुपार पुरते. आमच्याकडे ज्यांनी हे एकदा शेजारी बसून पाहिलं, त्यांच्या फाईली आता माझ्याकडे दुरुस्तीला येत नाहीत.

गणित-विज्ञानाची समीकरणं आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानांच्या चित्रफितींना उपशीर्षकं, हे विषय मोठे आहेत. त्यावर त्या विषयांतल्या लोकांनी लिहावं.

काही प्राध्यापक कॉपीराइटच्या भीतीने पुस्तकाची मजकूर-फाईल द्यायला कचरतात. त्यांना सांगायला हवं की 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये दिव्यांग व्यक्तींसाठी वाचनसुलभ प्रत करण्याची मुभा दिलेली आहे. दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या वाचनसुलभ प्रती करू देणारा मराकेश करार हा आंतरराष्ट्रीय करार मान्य करणारा पहिला देश भारत होता, 2014 मध्ये. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे आणि त्याचं कलम 42 इलेक्ट्रॉनिक मजकूर सुलभ असावा असं सांगतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2022 मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे नियम ऐच्छिक नव्हे तर बंधनकारक हवेत असं बजावलं, आणि एप्रिल 2025 मध्ये डिजिटल सुविधा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. एवढं सगळं असताना परीक्षा अर्जावर आवाजाचा पर्याय नसलेला कॅप्चा, म्हणजे चित्रात पाहून लिहायची वेडीवाकडी अक्षरं, भरण्यासाठी एम.ए.च्या विद्यार्थ्याने मित्राला आपला पासवर्ड सांगायचा, हे मला सहन होत नाही.

विद्यापीठांच्या कुलगुरूंना आणि प्राचार्यांना आपल्या वृत्तपत्रातून माझी विनंती आहे. युनिकोडमध्ये नसलेली किंवा नुसती चित्र असलेली फाईल पोर्टलवर चढणार नाही असा नियम करावा आणि तो आधी स्वतःच्या परिपत्रकांना लावावा. ग्रंथालयाला एक बरा फ्लॅटबेड स्कॅनर द्यावा. विभागांनी वाचनसूची सत्र सुरू होण्याच्या महिनाभर आधी ग्रंथालयाकडे पाठवावी. जुन्या पुस्तकांना वेळ लागतोच.

आणि फाईल चालते की नाही हे ज्याला ती वापरायची आहे त्याच्याकडूनच तपासून घ्यावं. आपल्याकडे 'कमवा व शिका' योजना आहे. आमच्या महाविद्यालयात तिच्यात बागकाम, झेरॉक्स, कार्यालयातली कागदपत्रं लावणं अशी कामं असतात, त्यामुळे दृष्टिहीन मुलांच्या वाट्याला काही येत नाही. पोर्टलवर जाणाऱ्या फाईली स्क्रीन रीडरवर ऐकून त्यातल्या चुका लिहून देणं हे काम या योजनेत धरावं आणि त्याचे तासाप्रमाणे पैसे द्यावेत. आमच्याकडच्या मुलांना मी विचारलं आहे, ती तयार आहेत.

आपली,
एक ग्रंथालय सहायक, सातारा जिल्हा