बाई, आमच्या पोराला धास्ती होती

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

शाळेत येऊन आभार मानायचे होते. पण तुमच्यापुढं उभं राहिलं की शब्द फुटत नाहीत, म्हणून इथं सगळ्यांदेखत लिहितोय.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा पोरगं तिसरीत होतं. मारुती चौकाजवळच्या घरातून आम्हाला बोटीनं काढलं. त्यानंतर दर पावसाळ्यात त्याचं पोट दुखायचं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. मग मी ‘नाटकं करू नको’ म्हणायला लागलो. एकदा हातही उचलला. ते अजून सलतं.

नववीत तुम्ही ऑफ तासाला फळ्यावर शब्द लिहिलेत: चिडचिड, हेवा, रुसवा, खंत, हुरहूर, घालमेल, धास्ती. पोरांकडं तोवर दोनच होते, ‘भारी’ आणि ‘टेन्शन’. काय वाटतंय, अंगात कुठं जाणवतंय आणि दहापैकी किती, एवढंच वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावलंत. वही तपासणार नाही म्हणालात आणि खरंच तपासली नाहीत. तुम्ही शब्दाला जागलात, म्हणून पोरांनी खरं लिहिलं. आमच्यानं लिहिलं होतं: धास्ती, पोटात, नऊ. ते पान त्यानं आपण होऊन तुम्हाला दाखवलं.

पालकसभेत तुम्ही सांगितलंत, की जागतिक आरोग्य संघटनेच्या १० जीवनकौशल्यांत भावना हाताळणं आणि ताण हाताळणं ही दोन्ही आहेत. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून पोरानं आदळआपट केली तर आधी त्याच्याजवळ गप बसा, समजावणं नंतर. मागच्या बाकावर आम्ही बाप लोक खाली मान घालून ऐकत होतो. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तुम्ही लिहून दिलात, तो फ्रिजवर चिकटवलाय.

यंदा पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं, त्या संध्याकाळी पोरगं जवळ येऊन म्हणालं, ‘बाबा, माझी धास्ती सहा आहे.’ मी म्हणालो, ‘माझी आठ.’ आजवर पोरासमोर मी असं कधी बोललो नव्हतो. मग दोघांनी मिळून कागदपत्रं पिशवीत भरली आणि सगळे विश्रामबागेत बहिणीकडं गेलो. त्या रात्री तो पोटभर जेवला, बाई. दोन भाकरी खाल्ल्या.

तुमचा ऋणी,
नववी ‘ब’मधल्या एका मुलाचा बाप, सांगली