इथली पवनचक्की

आल्कमार, नेदरलँड्स, रविवार

ती. आप्पा आणि आईस सा. नमस्कार,

मागच्या फोनवर पवनचक्कीचं सांगणार होते आणि रेंज गेली, म्हणून आता सगळं लिहूनच काढते. आधी तुमच्या डोक्यातली चाळकेवाडीची पांढरी पवनचक्की काढून टाका, तिच्यावर वीज होते. इथली जुनी लाकडी, गवतानं शाकारलेली, आणि तिचं काम एकच, पाणी उपसायचं. तेही शेताला द्यायला नाही तर शेतातून बाहेर फेकायला! आपण जन्मभर पाणी अडवा पाणी जिरवा ऐकलं आणि इथं माणसं चारशे वर्षं पाणी हाकलतायत.

आम्ही सायकलनं शेर्मरहॉर्नला गेलो होतो. तिथला शेर्मर भाग म्हणजे आधी तलाव. इथली माणसं जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, खणायची, खड्ड्यांची तळी झाली आणि वादळी लाटा काठ खात गेल्या. शेजारचा बेम्स्टर तलाव 1612 ला कोरडा केला, 43 चक्क्या लावून, आणि पैसा कोणाचा तर बराचसा ॲम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांचा, त्यातले काही डच ईस्ट इंडिया कंपनीवाले. म्हणजे आपल्या वेंगुर्ल्यात 1637 ला ज्यांनी वखार टाकली ती कंपनी, बघा कुठलं कुठं निघतं. शेर्मर 1635 ला कोरडा झाला, त्याला 52 चक्क्या लागल्या.

आणि तुम्हाला आवडेल ते हे. जमीन समुद्राच्या साडेतीन-चार मीटर खाली, एक चक्की तेवढं पाणी एका दमात चढवू शकत नाही, म्हणून पहिली चक्की थोडं वर उचलून दुसरीच्या चरात टाकते, दुसरी तिसरीच्या, आणि तिसरी सगळ्यात वरच्या कालव्यात. म्हणजे आपली टेंभू योजनाच की, टप्प्याटप्प्यानं उपसा, फक्त मोटारीच्या जागी वारा! तीन चक्क्या ओळीनं उभ्या बघून मी अमितला म्हटलं, आप्पा इथं असते तर दिवसभर हलले नसते.

खालची चक्की म्युझियम आहे, आत जाता येतं. दार बुटकं, माझं कपाळ तुळईला आपटलंच, अजून टेंगूळ आहे. पाणी चढवायला भलामोठा लाकडी स्क्रू, हार्वेस्टरमधून दाणे ट्रॉलीत पडतात ना तसाच पण माणसापेक्षा जाड. दातेरी चाकंही लाकडाची, दात्यांना मधमाशीचं मेण लावतात, त्यामुळं आत मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास. वारा फिरला की वरची अख्खी टोपी आतूनच रहाटानं फिरवायची.

आणि ह्यातच संसार! भिंतीतल्या कपाटात झोपायचं, ते इतकं आखूड की अर्धं बसूनच झोपत असतील, पोरंबाळं तिथंच. दारं दोन, समोरासमोर, कारण पाती जमिनीच्या इतक्या जवळून फिरतात की एका दारासमोर आली तर दुसऱ्यानं बाहेर पडायचं. वारा रात्री सुटला तर रात्री उठायचं, आपल्याकडे लाईट रात्रीची आली की मोटर चालू करायला जाता तसंच. 

1928 ला विजेचे पंप आले आणि चक्क्यांचं काम संपलं. 52 पैकी 11 उरल्यात. बहुतेकांत आता लोक राहतात, पडदे, कुंड्या, बाहेर कार, काय हौस! पण नुसतं राहून भागत नाही, चक्की उभी राहिली की कुजते, म्हणून अधनंमधनं फिरवावीच लागते. ते काम शिकून घेतलेले हौशी लोक करतात, त्यांचा संघ 1972 पासून आहे आणि 2017 ला युनेस्कोनं ह्या चक्कीवाल्यांच्या कलेला वारसा म्हणून यादीत घेतलं. मला वास्तूपेक्षा माणसाच्या हातातलं कसब यादीत गेलं हे जास्त पटलं. मोट हाकणारा बाबू तात्या गेला तेव्हा आपण साधं लिहूनही ठेवलं नाही ना काही.

पाती थांबवायचीही भाषा आहे त्यांची. आनंदाला एका बाजूला जरा कलती, दुःखाला दुसऱ्या. 2014 ला युक्रेनवर विमान पाडलं, त्यात इथली खूप माणसं गेली, तेव्हा देशभर चक्क्या दुःखाच्या खुणेत उभ्या होत्या.

परत येताना पाऊस लागला, चर तुडुंब, आणि कुठंतरी विजेचा पंप गुपचूप चालू. आपल्याकडं आवर्तन आलं का ह्या वेळी? का अजून पाटात धूळच? डाळिंबाला टँकर लावू नका, आधी मला फोन करा.

तुमची,
सुमी