गाडी सिग्नललाच का बंद पडत होती

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही विचारलंत, “नेमकं झालं होतं काय?” फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहूनच पाठवते. आईनेही वाचावं, कारण दोष सापडला तो तिच्यामुळे.

गाडी दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबली की बंद पडायची आणि गॅरेजमध्ये नेली की तासभर सुरळीत चालू राहायची. मिस्त्रींनी प्लग बदलले, इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ केला आणि आता फ्युएल पंप बदलू म्हणाले. त्यांची सुरुवात बरोबरच होती. आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं इंजिन चालू असताना, बंद पडणाऱ्या गाडीत आधी हेच बघतात. पण पंपाला हात लावण्याआधी एक प्रश्न उरत होता: सिग्नलला असं काय होतं, जे गॅरेजमध्ये होत नाही?

आई, तू सहज म्हणालीस, “हे ब्रेक दाबून बसले की खाली कुकरची वाफ सुटल्यागत आवाज येतो.” तिथेच उत्तर होतं. सिग्नलला बाबांचा पाय ब्रेकवर असतो, गॅरेजमध्ये कुणाचाच नसतो.

म्हणून अंगणात गाडी न्यूट्रलला चालू ठेवली. इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा ८०० वर स्थिर. ब्रेक दाबून धरला तर ५०० च्या खाली उतरला आणि गाडी थरथरायला लागली. पाय काढला की पुन्हा ८००. ब्रेक दाबताच काटा क्षणभर हलला तर हरकत नसते, तो खालीच राहिला तर मात्र गडबड असते. मग इंजिनकडून ब्रेक बूस्टरला, म्हणजे ब्रेकवरच्या पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, जाणारा पाइप दाबून बंद केला आणि बाबांना ब्रेक मारायला सांगितला. पेडल कडक लागलं, पण काटा जागचा हलला नाही. म्हणजे बूस्टरच्या आतला रबरी पडदा फाटला होता.

बाबा, पडद्याच्या दोन्ही बाजूंना एरवी इंजिनची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम असतो, म्हणून पाय वर असेपर्यंत फाटका पडदाही खपून जातो. ब्रेक दाबला की एका बाजूला बाहेरची हवा येते आणि फटीतून थेट इंजिनात शिरते. आपल्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ आहे. ही चोरवाटेची हवा त्याच्यासमोरून जातच नाही, त्यामुळे पेट्रोल कमी पडतं. रेस दिलेली असताना इंजिन इतकी हवा ओढतं की एवढ्याशा फटीचं काही वाटत नाही. आयडलला तीच फट भारी पडते.

मला धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तुम्ही ही गाडी घेऊन जोतिबाला जाता. उतारावर इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि पडदा फाटलेला असताना ब्रेकला बूस्टरची मदतही धड मिळत नाही. म्हणून जुजबी काही न करता बूस्टरच नवा बसवून घेतला.

पेडलचा दाब ऑइलमार्फत चाकांकडे पाठवणारा मास्टर सिलिंडर बूस्टरवरून सोडवला तेव्हा त्याच्या मागच्या तोंडाशी बोट फिरवून बघितलं. बोट ओलं झालं. बूस्टरवरचा काळा रंग तिथेच पोपडे धरून सुटला होता, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. सील गळून ऑइल बूस्टरमध्ये झिरपत होतं आणि रबर त्यानेच गेलं असावं. बाबा, ऑइलची पातळी मध्ये उतरली होती आणि तुम्ही भर घातली होती ना, ते ऑइल इथे जात होतं. मास्टर सिलिंडरही बदलला, नवं ऑइल भरलं आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढली.

आता एवढं करा. महिन्यातून एकदा इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा मारा. मग ते दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली सरकलं तर बूस्टर ठीक आहे. नाही सरकलं तर गाडी बाहेर काढू नका, मला फोन करा. ऑइलची पातळी खाली गेली तर नुसती भर घालू नका, गळती शोधायला सांगा. दर दोन वर्षांनी ते बदलायचंच, कारण त्यात हवेतली ओल मुरते.

आई, पुन्हा कसला आवाज आला तर लगेच सांग, अगदी बारीक वाटला तरी. आणि बाबा, पंपाची ऑर्डर आजच रद्द करा. पार्ट अजून आलेला नसेल.

तुमची,
मनू