आई, गाडी माझीच आहे

मेलबर्न, ७ जून

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. जेवणाचं, थंडीचं नेहमीचंच, ते पुन्हा लिहीत नाही. फोटोत मागे दिसली ती मोटारसायकल मित्राची नाही, माझी आहे. फोनवर मी विषय बदलला, ते चुकलं. पण आई, हौस म्हणून घेतलेली नाही. पहाटे पाचच्या पाळीला ट्रेनचा मेळ बसत नाही.

इथेही गाड्या आपल्यासारख्या डावीकडूनच चालतात. शिकाऊ परवान्यावर ६६० सीसीच्या वरची गाडी चालवता येत नाही आणि चमकणारं जाकीट सक्तीचं असतं. माझा शिकाऊ परवाना कधीच संपला, जाकीट मात्र मी अजून घालतो.

एक गोष्ट मात्र बाबांना नीट सांगायलाच हवी. शहराच्या मधल्या भागात उजवीकडे वळायचं तर डाव्या लेनमध्ये जायचं! रस्त्याच्या मधोमध ट्रामचे रूळ आहेत. वळणाऱ्या गाड्या तिथे थांबल्या तर मागच्या ट्राम अडकतील. म्हणून ज्या चौकात तशी पाटी आहे, तिथे उजवा इंडिकेटर देऊन डाव्या कडेने चौकात शिरायचं, पायी चालणाऱ्यांचे पट्टे मोकळे सोडून पुढे जाऊन थांबायचं. मागून येणारे सरळ निघून जातात, आपण तिथेच उभे. ज्या रस्त्यावर वळायचं त्याचा सिग्नल हिरवा झाला की मग सगळा चौक ओलांडून उजवीकडे. याला हूक टर्न म्हणतात. पहिल्या दिवशी चौकात तसं उभं राहताना छातीत धडधडत होतं. आता कळतं की धोका वळण्यात कमी आणि घाईत जास्त आहे. सिग्नल हिरवा झाला तरी आडवं कुणी येत नाही ना, हे बघूनच मी क्लच सोडतो.

रूळ पावसात फार निसरडे होतात. ते तिरके ओलांडायचे नाहीत, शक्य तितके आडवे, गाडी सरळ ठेवून आणि ब्रेक न दाबता ओलांडायचे. मागच्या महिन्यात एकदा चाक सरकलं होतं. पडलो नाही, नुसता पाय टेकला. हे तुम्हाला सांगणार नव्हतो.

बाबा, तुम्ही स्कूटर शिकवताना म्हणायचात, ड्रायव्हरच्या तोंडाकडे नको, गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघ. इथे रोज तेच करतो. गल्लीच्या तोंडाशी उभ्या गाडीतला माणूस आपल्याकडे बघत असतो, तरी त्याला आपण दिसलेलो नसतो. चाक हललं की मात्र कळतं. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवतो, पावसात त्याहून जास्त. लेन बदलताना नुसत्या आरशावर न राहता मान वळवून बघतो, कारण खांद्यामागची गाडी आरशात येत नाही. कडेला लावलेल्या गाड्यांपासून दार उघडेल एवढी जागा सोडतो. रात्रपाळीनंतर डोळे जड असतील तर गाडी तिथेच ठेवून ट्रेनने येतो. तुमच्या स्कूटरचा उजवा आरसा अजून तसाच तुटका आहे का? तो आधी बसवून घ्या.

आता पैशांचं. गाडी जुनीच घेतली आणि ताईच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावलेला नाही. एप्रिलचे पैसे उशिरा आले ते मात्र गाडीमुळेच, बँकेमुळे नव्हे. या महिन्याचे पाठवले आहेत. दागिन्यांचं आईने ताईला विचारूनच ठरवावं.

माझ्यासाठी स्थळ बघणं इतक्यात नको. ताईचं होऊ दे.

रजेचा अर्ज दिला आहे, पण डिसेंबरात सगळ्यांनाच रजा हवी असते. साखरपुड्याला यायला जमणार नाही, लग्नाला येण्याची खटपट करतोय. ताईला हे मीच सांगेन, तुम्ही काही बोलू नका. कार्यालयाचा विसार देऊन टाका, माझ्या तारखेसाठी थांबू नका.

तुमचा,
बंड्या