चि. माणिकला, निपाणीहून

चि. माणिक हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

ऊसदरासाठी शेतकऱ्यांनी ट्रॉल्यांच्या चाकांतली हवा सोडलीय, कारखान्याचं गाळप बंद आहे आणि उद्या संध्याकाळी मी स्वतः चौकात जाऊन बोलणार, एवढं सांगून तू फोन ठेवलास. म्हणून हे लिहून सदाच्या हाती देतोय. अंधार पडायच्या आत परत ये, एवढंच सांगायचं होतं.

तू मुख्य शेती अधिकारी झालीस तेव्हा आत्याने गल्लीत पेढे वाटले. मी गप्प बसलो असं तुला वाटलं असेल. शेती खात्यातल्या माझ्या जुन्या सोबत्यांना एकेकाला फोन करून सांगितलं, ते तुझ्या आईला ठाऊक आहे.

दिवाळीत तू लॅपटॉपवर चार चौकोनांचा तक्ता दाखवलास. कुणाच्या हातात किती ताकद आणि कुणाचा कारखान्यात किती जीव गुंतलाय, त्याप्रमाणे माणसं मांडलेली: संघटनेचे पुढारी, तहसीलदार, पोलीस, बँक, पत्रकार. चांगलं काम आहे. आम्ही हे सगळं डोक्यात ठेवायचो, एकजण रजेवर गेला की खातं आंधळं. पण ऊसतोड टोळीचा मुकादम तू खालच्या कोपऱ्यात ढकललायस, तो वर घे. रस्ता अडल्याची खबर आली की पहिला फोन त्यालाच: कोयते थांबवा. नाहीतर चौकात ट्रॉल्या उभ्या आणि फडात तोड चालूच. तुटलेला ऊस एका दिवसात कारखान्याच्या गव्हाणीत पडला नाही तर वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा घसरतो, आणि तो तोटा शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर काट्यावर दिसतो. दुसरा फोन चिटबॉयना, गावोगाव उसाच्या नोंदी घेणाऱ्या आपल्या पोरांना. पारावर बोलणी तेच खातात, त्यांना पेपरातून कळता कामा नये. आणि तो तक्ता दिवाळीचा आहे. हंगामात माणसं आठवड्यात जागा बदलतात, दर सोमवारी नव्याने मांड.

दराचं मात्र जपून. कोल्हापूरकडच्या कारखान्याने दर जाहीर केला की संध्याकाळपर्यंत तो निपाणी-चिकोडीत पोचतो. तिकडचा ऊस आणि आपला ऊस सारखाच, मग पैसे कमी का, हा प्रश्न रास्तच आहे. पण एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, दिल्लीत ठरते. 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. साखरेची किमान विक्री किंमत 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरली, तीही दिल्लीतच. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकाएकी मनाई आली, तेव्हा कुठल्या कारखान्याला कुणी विचारलं होतं? तेव्हा हातात नसलेल्या दराचा शब्द चौकात देऊ नकोस. तुझ्या हातात आहे ते बिल. चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला पंधरा टक्के व्याज, हा कायदा आहे. कुठल्या पंधरवड्याचं बिल जमा झालं, कुठलं राहिलं, राहिलेलं कुठल्या तारखेला, एवढं सांग. जे ठरलं नाही ते ठरलं नाही म्हण, आणि पुन्हा कधी सांगायला येशील ती वेळ दे. कागद कन्नड आणि मराठी दोन्हीत काढ. एकाच भाषेत काढलास तर दराचं भांडण सीमेचं होईल, मग ते तुझ्या काय, मंत्र्यांच्याही हातात राहत नाही.

परत शाळा घ्यायला लागलो. माफ कर, तुला हे सगळं येतं.

मला आठवतं ते वेगळंच. 1981 साली तंबाखूचे शेतकरी निपाणीत हायवेवर बसले होते, शरद जोशी आले होते. दादा गाडीबैल घेऊन त्यात होते आणि मी भाकऱ्या पोचवायचो. लोक भजनं म्हणायचे, पोलीसही ऐकत उभे राहायचे. 6 एप्रिलला गोळीबार झाला. माणसं गेली. आजी कंदील घेऊन वेशीवर उभी होती, दादा पहाटे आले ते एकच बैल घेऊन. आदल्या दिवसापर्यंत तिथे कुणाला भीती वाटली नव्हती, मलाही नाही. म्हणून सांगतो, अंधारात गर्दीपुढे उभी राहू नकोस.

तुझं काम मी पाहिलंय. 2019 च्या महापुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं. पाणी उतरायला लागल्यावर तू ट्रॅक्टरवर उभी राहून बुडीत उसाच्या नोंदी घेत फिरलीस आणि तो ऊस आधी तोडायचा कार्यक्रम लावून घेतलास. त्या गावांतली माणसं तुझं ऐकतील, माझी खात्री आहे. पण गर्दीत मागे उभे असलेले तुला ओळखत नाहीत, आणि दगड मागूनच येतो.

जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. आपण गेलो नाही तर लोक अफवेशीच बोलत बसतात. पण संध्याकाळ सोडून सकाळी जा, चहाच्या वेळेला. आदल्या रात्री संघटनेच्या दोघातिघा जाणत्यांना फोन करून येतेय म्हणून कळव. सदाला बरोबर ने, गाडी चौकाच्या अलीकडे तोंड फिरवून लाव. कन्नड मजकूर अण्णाप्पाकडून तपासून घे, मराठी आज रात्रीच मला पाठव. आकडे मी बघून देतो.

तुझे,
पप्पा