औषधांच्या डब्यातलं पत्र

मुलुंड, रविवार रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवरच सांगणार होते. पण बाबा दोन मिनिटांत ‘घे, हिच्याशी बोल’ म्हणतात आणि आई ‘हो हो’ करत कुकरच्या शिट्ट्या मोजते. म्हणून हे पत्र औषधांच्या डब्यातच ठेवलंय. क्रूझच्या बोटीवर चढताना डबा हातातल्या पिशवीत असू दे. बॅलार्ड पिअरला मोठ्या बॅगा आधीच काढून घेतात, त्या केबिनपर्यंत यायला कधी कधी संध्याकाळ होते. बाबांची दुपारची शुगरची गोळी तोवर थांबायची नाही.

आई, करोनापासून तुझ्या पर्सच्या चेनला लटकणारी ती सॅनिटायझरची निळी बाटली बोटीवर पुरणार नाही. तिथे पोट बिघडवण्यात नोरोव्हायरस बदनाम आहे आणि तो अल्कोहोलला फारशी दाद देत नाही. (बदनाम बोटीवर झाला, पण त्याची पहिली नोंद १९६८ साली अमेरिकेतल्या एका शाळेतली आहे.) त्याला साबणाने चोळून, वाहत्या पाण्याखाली घालवायचा. वीस सेकंद, म्हणजे मनात सावकाश दोनदा बेचा पाढा. आणि बुफेत ताट वाढून घेतल्यावर हात परत धुवायचे. कारण भाजीचा डाव तुझ्याआधी शंभर जणांनी धरलेला असतो आणि आपण पुरी हातानेच मोडणार. चिरून मांडून ठेवलेल्या फळांपेक्षा केळं बरं.

बाबा, आता तुम्ही. मागच्या दिवाळीत महाबळेश्वरला दीड दिवस ‘जरा जड वाटतंय’ एवढंच म्हणत राहिलात. आवाज बाहेर येऊ नये म्हणून बाथरूमचा नळ सोडून ठेवायचात, हे मला नंतर कळलं. परतताना वाटेत सलाईन लावावं लागलं. घाट उतरून डॉक्टर गाठता आला म्हणून निभावलं. समुद्रात तेही नाही. जे आहे ते बोटीवरच्या दवाखान्यात. तेव्हा पहिल्या जुलाबालाच तिथे कळवा. ते तुम्हाला केबिनमध्ये बसवतील, लक्षद्वीप हुकेल. हुकू दे! या विषाणूचे अगदी थोडे कण पुरतात आणि बरं वाटायला लागल्यावरही निदान दोन दिवस सावध राहावं लागतं. बाथरूम दोघांना एकच आहे, म्हणजे पुढचा नंबर आईचा.

डब्यात इलेक्ट्रलची मोठी पाकिटं आहेत. एक अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, अंदाजाने अर्धं टाकायचं नाही. शुगर आहे म्हणून ते टाळू नका, पण शुगरचं आणि बीपीच्या गोळीचं तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा. अंगातलं पाणी कमी झालं की त्या गोळ्यांचं गणित बदलतं.

बोट लागण्याचं म्हणाल तर आजी भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसली की जयगड येईपर्यंत लिंबू नाकाशी धरायची, हे बाबांनीच सांगितलेलं. मी केबिन मुद्दाम खालच्या मजल्यावर, मधोमध घेतलीय, तिथे बोट कमी हलते. मळमळलं तर मोबाईल बाजूला ठेवून लांब क्षितिजाकडे बघा. आई, अ‍ॅवोमिन तुझ्यापुरती. बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे, त्या गोळीने लघवी अडू शकते, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना देऊ नकोस.

फ्लूची लस तीन आठवड्यांपूर्वीच झाली, हे बरं झालं. तिला जम बसवायला दोन आठवडे लागतातच.

कुंड्यांना पाणी घालायला मी एक दिवसाआड येईन. कोचीला रेंज आली की मिस्ड कॉल द्या.

तुमची,
मनू

ता. क. आई, निळी बाटली मी काढून घेतलेली नाही. तिच्या शेजारी कागदी साबणाची डबी ठेवलीय.