उशाशी एक कागद

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा छोटीचा ताप 102 होता, औषध देऊन जेमतेम दोन तास झाले होते आणि ताप उतरत नाही म्हणून तू दुसरा डोस देण्याच्या बेतात होतास. मी तुला थांबवले, पण का थांबवले हे त्या घाईत नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पॅरासिटॅमॉलचा गुण यायला अर्धा ते एक तास लागतो आणि त्याने ताप पूर्ण उतरतोच असे नाही; 102 चा 100.5 झाला आणि पोर उठून बसली, तरी औषधाने आपले काम केले असे समजावे. मुलांचा डोस वजनावर ठरतो. दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे 30 किलोच्या मुलीला एका वेळी 300 ते 450 मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान चार, शक्यतो सहा तासांचे अंतर ठेवावे आणि चोवीस तासांत चारहून अधिक डोस देऊ नयेत. तुझ्यासारख्या मोठ्या माणसाने एका वेळी 500 ते 1000 मिलिग्रॅम घ्यावे. सगळ्या औषधांतले पॅरासिटॅमॉल मिळून दिवसाची बेरीज 4000 मिलिग्रॅमच्या वर कधीही जाता कामा नये आणि यकृताचा आजार असेल तर मर्यादा डॉक्टरांनाच विचारावी. या औषधाचा अतिरेक यकृताला इजा करतो आणि सुरुवातीला त्याची काहीच चाहूल लागत नाही, याचेच मला भय वाटते.

तू शाळेत असताना माझ्या हातून ही चूक झाली होती. तापाची गोळी देऊन झाल्यावर रात्री मी तुला सर्दीचे औषध पाजले आणि सकाळी बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली, तर त्यातही पॅरासिटॅमॉलच होते. तुला काही झाले नाही, पण तेव्हापासून घरात कोणालाही ताप आला की मी उशाशी एक कागद ठेवते आणि त्यावर वेळ, ताप, औषधाचे नाव व मिलिग्रॅम लिहिते. रात्री तीन वाजता, झोपेने डोळे जड झालेले असताना, आठवणीवर भरवसा ठेवू नये.

छोटीला तू दोन ब्लँकेटांत गुंडाळले होतेस, तेही समजून घे. ताप चढताना मेंदू शरीराचे ठरलेले तापमान वर नेतो. अंग तापलेले असूनही हातपाय गार पडतात आणि हुडहुडी भरते ती त्यामुळेच. तेवढ्यापुरते एखादे पांघरूण द्यावे, पण कापरे थांबताच ते काढावे, नाहीतर आतली उष्णता बाहेर पडत नाही. बर्फाच्या किंवा गार पाण्याच्या पट्ट्याही नकोत, कारण त्यांनी पुन्हा कापरे भरते आणि कापऱ्याने उष्णता वाढते. कोमट पाण्याने अंग पुसलेले बरे वाटत असेल तर जरूर पुसावे.

ताप मोजण्याआधी गरम किंवा गार काही प्यायले असेल तर अर्धा तास थांबावे. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो, तोंडात 100.4, म्हणजे 38 अंश सेल्सियस, आणि त्यापुढे ताप धरावा.

आकड्याहून अधिक लक्ष पाण्याकडे दे. तापात श्वासावाटे आणि घामावाटे पाणी जाते, म्हणून तिला थोड्या थोड्या वेळाने घोट घोट पाजत राहा, उलटी-जुलाब असतील तर क्षारसंजीवनी दे, आणि लघवीचा रंग पाहा: ती गडद पिवळी झाली किंवा सात-आठ तास झालीच नाही, तर पाणी कमी पडते आहे. जेवण एक-दोन दिवस कमी गेले तरी चालते.

छोटीला ॲस्पिरिन मुळीच देऊ नकोस. मुलांमध्ये त्याने रे सिंड्रोम नावाचा यकृत-मेंदूचा दुर्मिळ पण जीवघेणा आजार उद्भवू शकतो. डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेनही कोणीच घेऊ नये. मागच्या आजारातल्या उरलेल्या प्रतिजैविकांना हात लावू नकोस, विषाणूच्या तापावर ती चालत नाहीत.

मान ताठ होणे, असंबद्ध बोलणे, उठवूनही जागे न होणे, धाप लागणे, झटके येणे, दाबल्यावर न विरणारे जांभळट चट्टे उठणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर ताप किती आहे हे न पाहता ताबडतोब दवाखाना गाठावा. उन्हात तापून कोणी भ्रमिष्ट झाले तर तो उष्माघात. तेथे तापाच्या गोळ्या उपयोगी पडत नाहीत आणि गार पाण्यानेच अंग झपाट्याने थंड करावे लागते. एरवी ताप तीन दिवसांहून जास्त टिकला किंवा 103 च्या पुढे राहू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे.

छोटीचे वजन उद्याच पुन्हा करून कागदाच्या माथ्यावर लिहून ठेव. तू फोनवर सांगितलेस ते मागच्या वर्षीचे होते.

तुझी,
आई